तुमच्या शेततळ्यावरचा ‘आंधळा’ बगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेततळ्याच्या काठावर एक मातकट, रेघारेघांचा बगळा तासन्‌तास बसलेला असतो. माणूस दोन-तीन पावलांवर जाईपर्यंत तो हलत नाही, म्हणून तुमची आजी त्याला आंधळा बगळा म्हणते. उडाला की मात्र पांढराशुभ्र दिसतो. जूनमध्ये त्याच जागी लालसर तपकिरी पाठीचा बगळा आला आणि मातकट नाहीसा झाला. तर हे पक्षी दोन की एक, त्याला खरंच कमी दिसतं का, आणि तळ्यात सोडलेलं मत्स्यबीज तो किती फस्त करतो?

पक्षी एकच. त्याचं नाव वंचक. बऱ्याच भागांत ढोकरीही म्हणतात. मी तालुक्याच्या गावी राहून 27 वर्षं पक्षी बघतो आहे, आणि त्यातले पंधराएक पावसाळे घरट्यातून पडलेली पिल्लं उचलण्यात गेले. माझ्या हातांवर सगळ्यात जास्त ओरखडे या पक्ष्याचे आहेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी रंगाचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. वंचक हा मुळात पांढरा पक्षी आहे. पंख पांढरे, शेपटी पांढरी, पोट पांढरं. फक्त डोकं, मान आणि पाठ मातीच्या रंगाची. मानेवर पिवळट रंगात गडद तपकिरी उभ्या रेघा असतात आणि पाठ राखट तपकिरी. पंख मिटले की पाठीवरची ही लांब पिसं दोन्ही बाजूंनी पंखांवर उतरतात आणि सगळा पांढरा रंग झाकून टाकतात. पांढऱ्या धोतर-सदऱ्यावर घोंगडं ओढून बसलेला धनगर डोळ्यांपुढे आणा. बसला तेव्हा माळाचा दगड, उठला की पांढरा माणूस. वंचकाचं नेमकं तसंच आहे. भाताच्या खाचरात, गाळाच्या काठावर, वाळलेल्या लव्हाळ्यात तो इतका मिसळतो की पक्षीगणनेला आलेली नवी मुलं त्याच्या अंगावर जवळजवळ पाय देतात. मग ‘क्वॉक’ असा घसा खरवडल्यासारखा आवाज काढून तो उडतो, पोरं दचकतात, आणि पंचवीस-तीस हातांवर उतरून पंख मिटताच पुन्हा दिसेनासा होतो.

ही पांढरी उघडझाप कशासाठी असावी, यावर मी बरंच डोकं चालवलं आहे. मला वाटतं, पाठलाग करणाऱ्या शिकऱ्याची, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्याची, नजर त्या पांढऱ्या रंगावर बसते, आणि ऐन वेळी तोच रंग गुल होतो. शिकरा ‘पांढरं काहीतरी’ शोधत बसतो आणि हा मातीचं ढेकूळ होऊन गप्प. वंचक या नावाचा अर्थच फसवणारा. कोणी दिलं ते ठाऊक नाही, पण देणाऱ्याने चिखलात उभं राहून दिलं असणार.

आकाराने हा गाय बगळ्याहून किंचित लहान. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण 45 सेंटिमीटर, वजन पाव किलोच्या आसपास. बसतो मान खांद्यांत घालून, कुबड काढून, म्हणून आणखी लहान वाटतो. पाय हिरवट पिवळे, डोळे पिवळे. नर-मादी सारखेच दिसतात. बाहेरून बघून कुणी ‘ही मादी’ म्हणून छातीठोक सांगितलं तर मनावर घेऊ नका.

आता जूनमधला तो लाल पाठीचा बगळा. पीस एकदा पूर्ण वाढलं की ते निर्जीव असतं, आपल्या नखासारखं. त्याला रंग बदलता येत नाही, ते गळून नवं यावं लागतं. साधारण एप्रिल-मेपासून वंचकाची मानेवरची रेघांची पिसं झडू लागतात आणि मान-डोकं एकसंध, फिक्या बदामी रंगाचं होतं. पाठीवर लालसर तपकिरी, जवळजवळ करवंदाच्या रंगाची, विस्कटलेल्या धाग्यांसारखी लांब पिसं येतात. डोक्यामागून दोन-तीन पांढऱ्या, अरुंद पिसांचा तुरा लोंबतो. तोंडावरची उघडी कातडी आणि चोचीचं मूळ निळसर होतं, मधला भाग पिवळा आणि टोक काळं राहतं. कातडीचा रंग पिसांसारखा अडून राहत नाही, तो काही दिवसांत चढतो आणि उतरतो. म्हणून निळं तोंड थोडेच दिवस दिसतं आणि लाल पाठ सगळा पावसाळाभर.

काही वंचकांचे पाय विणीच्या दिवसांत चक्क लाल होतात. सगळ्यांचे नाही, फार थोड्यांचे. हा त्या पक्ष्यातला उपजत वेगळेपणा असावा, असंही काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. मी इतक्या वर्षांत असे पक्षी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. ऑक्टोबर उजाडला की साज उतरतो, पुन्हा रेघांची मान आणि मातकट पाठ. मधल्या दिवसांत अर्धवट साजातले पक्षी दिसतात आणि लोक ‘नवी जात सापडली’ म्हणून फोटो पाठवतात. दरवर्षी दोन-चार तरी.

नव्या जातीवरून आठवलं. या पक्ष्याची शास्त्रीय ओळख आपल्याच मातीतून झाली. विल्यम हेन्री साइक्स नावाचा मुंबईच्या फौजेतला अधिकारी दख्खनात होता. खडकीच्या लढाईत लढलेला माणूस, पुढे कंपनी सरकारसाठी या मुलखाची आकडेवारी गोळा करत फिरला आणि जाता जाता पक्षी, मासेही जमवत गेला. 1832 साली त्याने लंडनमध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्यात वंचकाला नाव मिळालं. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांच्यावरून ‘ग्रेआय’. आज त्याचं शास्त्रीय नाव आर्डिओला ग्रेआय. दक्षिण इराणपासून पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव ते म्यानमारपर्यंत हा पक्षी आहे, पण त्याला नाव मिळालं ते आपल्या दख्खनातल्या पक्ष्यावरून. भिगवणला रोहित बघायला चारशे किलोमीटरवरून येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांच्या पायाशी वंचक उभा असतो आणि कुणी ढुंकून बघत नाही.

तर आजींचा मुद्दा. आंधळा म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत. हिंदीत ‘अंधा बगुला’ म्हणतात, आणि श्रीलंकेत सिंहली भाषेतही त्याच्या नावात हाच आरोप आहे. माणूस जवळ येईपर्यंत उडत नाही, म्हणजे दिसत नसणार, असा सरळ हिशोब. वस्तुस्थिती उलटी आहे. त्याने तुम्हाला बांधावर चढतानाच पाहिलेलं असतं. आपण दिसत नाही याचा त्याला भरवसा असतो, आणि उडायचं म्हणजे तो भरवसा मोडायचा. म्हणून तो शेवटच्या घटकेपर्यंत थांबतो. तुम्ही त्याच्याकडे न बघता तिरके चालत गेलात तर बऱ्याचदा उडतच नाही. सरळ डोळ्याला डोळा भिडवून चाला, लगेच मान ताठ होते. मी हे अनेकदा करून पाहिलं आहे, तुम्हीही करून बघा.

त्याचे डोळे बघायचे तर समोरून बघा. चोचीच्या दोन्ही बाजूंना असे बसवलेले असतात की मान न वाकवता त्याला चोचीखालचं, थेट स्वतःच्या पायाजवळचं पाणी दोन्ही डोळ्यांनी दिसतं. आपल्याला बुटाचं टोक बघायला मान खाली घालावी लागते, त्याला लागत नाही. पाण्यातला मासा जिथे दिसतो तिथे नसतो, हे तुम्ही विहिरीत पोहताना अनुभवलं असेल. तिरप्या नजरेला तो असतो त्याहून वर, उथळ दिसतो. बगळ्यांना हा फरक हिशोबात धरता येतो. चोच मारण्याआधी वंचक मान डावी-उजवीकडे हळूच डोलवतो, शरीर मात्र खिळल्यासारखं. अंतर जोखत असावा. एकदा ओढ्याकाठी मी घड्याळ लावून बसलो होतो. 17 मिनिटं त्याने पाय उचलला नाही. पाऊल टाकलं तेही असं की पाण्यावर वलय उठलं नाही. मग मान इंचाइंचाने पुढे सरकली, अंग आडवं झालं, आणि झटका. तो झटका मला दिसला नाही. चोचीत वळवळणारी बेडकाची शेपटीवाली पिल्लं दिसली, दोन एकदम.

हा झटका येतो मानेच्या हाडांतून. सगळ्या बगळ्यांच्या मानेत सहावा मणका इतरांपेक्षा लांब असतो, म्हणून मानेला इंग्रजी एस अक्षरासारखी घडी पडते. घडी म्हणजे ताणलेली गलोल. बगळे उडतानाही ही घडी मोडत नाहीत, मान आखडून उडतात. करकोचे, क्रौंच, अवाक (आयबिस) उडताना मान समोर ताणतात. आकाशात लांबवर काहीच कळत नसेल तेव्हा एवढी एक खूण पुरते.

जवळून हा पक्षी पहिल्यांदा कळला तो तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याच्या, निमित्ताने. सप्टेंबरचा महिना होता. गळ टाकायला येणाऱ्या पोरांपैकी एकाने निरोप दिला की तलावाच्या सांडव्याजवळ बगळा अडकलाय. कुणीतरी तोडून टाकलेला तंगूस त्याच्या डाव्या पंखाला आणि दोन्ही पायांना गुंडाळला होता. माझ्या अंगावर गडद निळा सदरा होता. पक्षी छातीशी धरून दोरा कापेपर्यंत सदऱ्यावर पांढरी भुकटी, टाल्कम सांडल्यासारखी. बगळ्यांच्या छातीवर आणि कमरेजवळ अशी पिसं असतात जी कधी गळत नाहीत, टोकाला झिजून त्यांची भुकटी होत राहते. चिखल आणि माशांचा बुळबुळीतपणा पिसांवर बसला की वंचक ही भुकटी त्यावर घासतो, मग पायाने विंचरून काढतो. विंचरायला फणीही स्वतःचीच. मधल्या बोटाच्या नखाची आतली कड बारीक दातेरी असते. त्या दिवशी मी भिंगातून ते नख बघत होतो, आणि तेवढ्यात त्याने मान सोडवून माझ्या चष्म्यावर चोच मारली. काचेवरचा चरा मी पुढे दोन वर्षं वापरला. चष्मा नसता तर डोळा गेला असता. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे पिल्लं उचलण्याचा विषय येणार आहे.

राहतो कुठे याचं उत्तर सोपं आहे: जिथे वितभर पाणी आहे तिथे. भातखाचरं, पाट, ओढे, गावतळी, विदर्भातल्या बोड्या आणि मालगुजारी तलाव, खाडीकाठची खाजणं, विहिरीचा कठडा, शहरातला नाला. जलपर्णीने भरलेल्या नदीत तर त्याची चैन. एरवी काठाकाठाने फिरणारा हा पक्षी जलपर्णीच्या तरंगत्या गालिच्यावरून थेट खोल पाण्यावर जातो. उन्हाळ्यात डबकी आटत आली की एरवी एकटा राहणारा हा गडी दहा-पंधराच्या संख्येने एका डबक्याभोवती दिसतो, कारण सगळे मासे तेवढ्यात कोंडलेले. तेव्हा भांडणं बघावीत. डोक्यावरची पिसं फुलवून, मान ताणून एकमेकांच्या अंगावर धावतात, आणि भांडण संपलं की दोघेही काही घडलंच नाही असे पुन्हा दगड होतात. पाणी अजिबात नसेल तर ओल्या हिरवळीवर, रानात नाकतोडे टिपतात. म्हणून वंचक दिसला म्हणजे पाणी चांगलं, असं समजू नका. सांडपाण्यातही तो तग धरतो. पाण्याच्या प्रतीचा दाखला द्यायला हा पक्षी कुचकामी.

खाण्यात निवड फार नाही. बारीक मासे, बेडूक, बेडकाची पिल्लं, खेकडी, झिंगे, पाण्यातले किडे, चतुर, नाकतोडे, कधी जळवाही. शिकारीची पद्धत बहुतेक उभं राहायची, पण अडून बसत नाही. कधी पाण्यालगत उडून मासे-बेडूक काठाकडे हाकलतो आणि मग काठावर उतरून टिपतो. खोल पाण्यात वरून झेप घालून मासा घेऊन पुन्हा उडतानाही मी दोनदा पाहिला आहे, बदकासारखा क्षणभर तरंगला. पावाचे तुकडे पाण्यात टाकून त्यावर येणारे मासे पकडल्याच्याही नोंदी आहेत. ते बघायला मिळावं ही माझी जुनी इच्छा आहे. त्यापायी तलावाकाठच्या भेळवाल्याजवळ बरेच रविवार घालवले. भेळच जास्त झाली.

आता तुमचा पैशाचा प्रश्न. खातो का? खातो. किती? तुमच्या तळ्याची रचना त्यावर ठरते. वंचकाचे पाय आखूड असतात, तो चार-सहा बोटं पाण्यातच उभा राहू शकतो. शेततळ्याला अस्तराचा प्लास्टिकचा कागद आणि तीव्र उतार असेल तर त्याला उभं राहायला जागाच नसते, ओल्या कागदावरून तो घसरतो. तुमच्या फोटोत तो ज्या कोपऱ्यात बसलाय तिथे गाळ साचून शेवाळ धरलंय, बघा. ती त्याची पायरी आहे. कोपरा साफ करा, पाण्यात सोडलेला तो जुना ड्रम बाहेर काढा, निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. दुसरं म्हणजे, एवढ्याशा पक्ष्याला मोठा मासा गिळता येत नाही. मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) किंवा बारीक मत्स्यबीज सोडलंत तर ते सगळ्यांचंच खाद्य. बोटुकली आकाराचे कटला, रोहू, मृगळ सोडले तर वंचकाच्या ते आवाक्याबाहेर जाऊ लागतात. आणि लहान बिजाचे खरे वैरी पाण्यातच असतात: चतुराच्या अळ्या, पाठीवर पोहणारे किडे, पाणभुंगे. वंचक त्यांनाही खातो, हे जमेच्या बाजूला धरा.

तळ्यात नुकसान होतंय असं खरंच दिसत असेल तर संशय पाणकावळ्यांवर घ्या. ते बुडी मारतात, थव्याने येतात, आणि तळाशी जातात. वंचक काठावर बसलेला दिसतो म्हणून नाव त्याचं होतं. जाळी लावायची असेल तर एक विनंती: बारीक, न दिसणारी नायलॉनची सैल जाळी टाकू नका. त्यात बगळे, खंड्या, घुबडं अडकून मरतात, आणि मेलेला पक्षी काढायला तुम्हालाच कागदावर उतरावं लागतं. जाड, रंगीत दोरी चांगली ताणून आडवी-उभी बांधा. लांबून दिसली पाहिजे. लोक फटाके सांगतात, बुजगावणं सांगतात. आठवड्याभरात वंचक बुजगावण्याच्या सावलीत उभा राहतो.

विणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लाल पाठ दिसली म्हणजे घरटं जवळपास आहे, आणि ते बहुधा तुमच्या रानात नसून गावात असेल. पाऊस लागला की वंचक चिंच, वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष अशा दाट झाडांवर वस्ती करतात. शेजारी रातबगळे, गाय बगळे, छोटे बगळे, कधी पाणकावळे. एसटी स्टँड, बाजारपेठ, शाळेचं आवार, काही चालतं, गोंगाटाची त्याला फिकीर नाही. माणसांच्या वर्दळीत शिकारी पक्षी आणि मांजरं कमी फिरकतात हे बहुधा कारण असावं. घरटं म्हणजे काड्यांचा मोडका मंच, बहुतेकदा जमिनीपासून 9-10 मीटरवर. काड्या नर आणतो, रचते मादी. शेजाऱ्याचं लक्ष नसलं की त्याची काडी ओढून आणण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अंडी 3 ते 5, फिकट निळसर हिरवी. 18 ते 24 दिवसांत पिल्लं निघतात, पण एकदम नाही. एकेक करून फुटतात, म्हणून एकाच घरट्यात थोरलं आणि धाकटं यांत चांगला फरक दिसतो. पाऊस ओढला, मासे कमी पडले, तर धाकटं उपाशी राहतं. भरवायला आई-बाप दोघेही असतात. झाड सुरक्षित राहिलं तर वर्षानुवर्षं तेच.

पिल्लांचं रूप म्हणाल तर कुणी ओळखीचं सांगणार नाही. डोक्यावर उभे राहिलेले विरळ केस, हिरवट कातडी, मोठं पोट. घाबरली की पोटातले अर्धवट पचलेले मासे तुमच्या अंगावर ओकतात. तो वास साबणाने जात नाही, दोन दिवसांनी आपोआप जातो. माझ्या घरी पावसाळ्यात अंगणात वेगळी बादली आणि वेगळे कपडे असतात, तो नियम माझा नाही, सौ.चा आहे.

माझी तक्रार छाटणीबद्दल आहे. पावसाआधी फांद्या छाटायच्या असतात, हे बरोबर. पण काम मेमध्ये मंजूर होतं आणि माणसं झाडावर चढतात जुलैत. एका गावात रस्त्याकडेच्या चिंचेची अशी छाटणी झाली. खाली गाड्यांवर शिट पडते म्हणून अर्ज गेले होते. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा तोडलेल्या फांद्यांतून पाटीभर पिल्लं निघाली, निम्मी मेलेली. वर पालक पक्षी झाडाभोवती फिरत होते. ते खाली उतरत नाहीत. बगळे जमिनीवर पडलेल्या पिल्लाला भरवत नाहीत, ते पडलं की त्यांच्या लेखी संपलं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणं धरलेलं आहे, हे झाड छाटणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आम्ही फांद्या तोडतो, घरटी नाही.

तेव्हा पडलेलं पिल्लू दिसलं तर: डोळ्यांवर चष्मा घाला, जाड टॉवेल टाकून उचला, एका हाताने डोक्यामागे मान हलकेच धरा, चोच स्वतःच्या तोंडापासून लांब ठेवा. चोच दोऱ्याने बांधू नका, ओकारी आली तर गुदमरतं. जखम नसेल आणि शिडी पोचत असेल तर त्याच झाडाच्या घरट्यात किंवा जवळच्या दाट फांदीवर ठेवा. पोचत नसेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. दूध, पोळी, भात काही देऊ नका. भिजलेलं असेल तर आधी ऊब, मग खाण्याचा विचार.

कुणाशी गल्लत होते तेही सांगून टाकतो. रातबगळ्याचं पिल्लू मातकट असतं, पण अंगभर पांढरे ठिपके, अंगाने थोराड, आणि उडाल्यावर पंख तपकिरीच. हिरवा बगळा राखट-हिरवा, पंख गडद. तापस पक्षी वेताच्या-लव्हाळ्याच्या आत दडतो, उघड्यावर क्वचित. या सगळ्यांत उडाल्यावर एकदम पांढरा होणारा एकच. चिनी वंचक नावाचा भाऊबंद आहे, विणीच्या साजात त्याचं डोकं-मान गडद तांबूस आणि पाठ काळपट. साज उतरला की दोघांत फरक करणं जवळपास अशक्य. आपल्याकडे तो दुर्मीळ, तेव्हा तुमचा तो नाही.

आजींना माझा नमस्कार सांगा. लहानपणी आम्ही उडत्या बगळ्यांकडे नखांवर कवड्या मागायचो, त्यांनाही ते आठवत असेल. आणि एक काम करा. पुढच्या जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की सकाळी सातच्या आत तळ्यावर जा, उन्हाकडे पाठ करून बसा, आणि त्याचे पाय बघा. पिवळे असतील तर ठीक. लाल असतील तर फोटो, तारीख आणि पुन्हा किती दिवसांनी पिवळे झाले ते लिहून मला पाठवा. पक्षी रोज त्याच कोपऱ्यात येत असेल तर ही नोंद तुमच्याइतकी नीट दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही. हो, कोपऱ्यातला गाळ तेवढा ती नोंद झाल्यावरच काढा.